बिनपट्ट्याचे खांब

शिवणवाल्या वहिनींचा दिवा

“आधी खाली उतरा. माझ्या दिव्याला हात लावायचा नाही.”

वायरमन शिडीच्या वरच्या पायरीवर होता. एका हातात पकड, दातांत दोन स्क्रू. खाली शिवणकाम करणाऱ्या वहिनी गळ्यात मापाची टेप टाकून उभ्या होत्या. शिडी धरावी की हलवावी, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं.

“दिवा काढत नाहीये वहिनी,” तो स्क्रूंमधून वाट काढत बोलला. “नुसती टोपी घालतोय.”

“तेच म्हणते मी. अख्ख्या गावाला टोप्या घालून झाल्या, आता माझा नंबर.”

त्याला हसू फुटलं आणि एक स्क्रू खाली पडला. वहिनींनीच तो कुंडीमागून शोधून वर दिला. रागावलेल्या माणसाने स्क्रू शोधून दिला म्हणजे अर्धं काम झालं, हे त्याला अनुभवाने माहीत होतं.

टोपी म्हणजे पत्र्याचा एक खोलगट वाडगा. दिव्यावर उपडा बसवला की उजेड खाली पडतो, वर पसरत नाही. गेलं वर्षभर तो असे वाडगे घेऊन गावभर हिंडत होता. पालिकेचा वायरमन. उमेदीची सगळी वर्षं गावात उजेड करण्यात गेली आणि निवृत्ती दिसायला लागली तेव्हा तोच उजेड झाकत फिरायची पाळी आली. पोरं त्याला काळोखमामा म्हणायची. मग मोठ्यांनीही तेच धरलं.

“संध्याकाळी गिऱ्हाईक येतं. पायरी चुकून पडलं तर मलमपट्टीला तुम्ही येणार?”

“पायरीवर आत्ता आहे त्याहून जास्त उजेड पडेल. आभाळावर कमी पडेल. आभाळातून कुणी कपडे शिवायला टाकतं का तुमच्याकडे?”

वहिनींनी तोंड वाकडं केलं, पण एक हात शिडीवर ठेवला. “आणि सगळे घालणार आहेत का? की आम्ही तेवढे शहाणे?”

“सगळे.”

“उद्या टेकडीवर कुणी बंगला बांधला तर?”

“जो बांधेल त्याला टोपी. माझा शब्द.”

“तुमचा आहे म्हणून चालवून घेते,” वहिनी म्हणाल्या. “मास्तर आले होते ना परवा, त्यांना मी दारातूनच वाटेला लावलं. ते फार छान बोलतात.”

वळणावरचा बोर्ड

सुरुवात त्याने ताईपासून केली होती.

ताई त्याची थोरली बहीण. हमरस्ता गावाजवळ जिथे वळतो तिथे तिची खाणावळ होती आणि खाणावळीच्या डोक्यावर लाल-पिवळा, आतून पेटणारा बोर्ड होता. दोन वळणं आधी दिसायचा. ट्रकवाले म्हणायचे, तो बोर्ड दिसला की पोटात आपोआप भूक लागते. बायको गेल्यापासून वायरमनचं दोन्ही वेळचं जेवण तिथेच होतं. कोपऱ्यातलं टेबल त्याचं. तिथे दुसरं कुणी बसलं तर ताई त्याला उठवायची.

सख्ख्या बहिणीचा बोर्ड तसाच ठेवून तो गावाला कोणत्या तोंडाने सांगणार होता? त्याने तिला विचारलंही नाही धड. जेवता जेवता म्हणाला, “ताई, बोर्ड उतरवावा लागेल.”

ताई भात वाढत होती. वाढून झाल्यावर म्हणाली, “कधी?”

“रविवारी येतो शिडी घेऊन.”

रविवारी तिनेच शिडी धरली. बोर्ड खाली आला तेव्हा त्याच्या मागच्या भिंतीवर मूळचा रंग दिसला, चौकोनी, नव्यासारखा. ताई त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिली आणि मग कांदे चिरायला आत गेली. रात्रीचे ट्रक पुढच्या गावाला थांबायला लागले. ती अंधार पडताच बंद करायला लागली. त्याबद्दल दोघं कधीच बोलली नाहीत. बहीणभावांत सगळंच काही बोलावं लागत नाही, असं तो समजून होता.

सगळ्यात पहिला दिवा, म्हणजे ज्याच्यामुळे हे सुरू झालं

खूळ मास्तरचं. शाळेत विज्ञान शिकवणारा मास्तर आणि वायरमन एका बाकावर बसून मोठे झालेले. एकाला गणित यायचं, दुसऱ्याला मारामारी. दोघांनी ते वाटून घेतलं होतं.

मास्तरच्या डोक्यात होतं की गावावरचं आभाळ राखीव व्हावं. जंगल राखीव असतं, तळं राखीव असतं, तसा काळोख. त्यासाठी अर्ज करता येतो, वरून माणसं तपासायला येतात, पटलं तर गावाला दर्जा मिळतो. वायरमनने हे ऐकलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे मी आयुष्यभर केलं ते निस्तरायचं. आणि तेही मीच.”

“तूच,” मास्तर म्हणाला. “दुसऱ्या कुणाचं ऐकतंय कोण?”

तरी तो आभाळासाठी तयार झाला नव्हता. तो तयार झाला किड्यांमुळे. रस्त्यावरच्या दिव्यांची काचेची भांडी साफ करणं हे त्याचं काम. प्रत्येक भांड्यातून मेलेले पतंग, भुंगे, हिरवे किडे मुठी मुठी निघायचे. इतकी वर्षं तो ते शिडीवरूनच खाली झटकत आला होता, कचरा म्हणून. मास्तरने शाळेजवळच्या एका खांबावर पिवळा, मंद दिवा लावून वर टोपी बसवायला सांगितली. पंधरवड्याने वायरमनने ते भांडं उघडलं. आत एक कोरडं पान होतं. बस. तो शिडीवर उभा राहून रिकाम्या भांड्यात बोट फिरवत राहिला. खाली मास्तर विचारत होता, “काय रे, काय झालं?” त्याने ते पान तेवढं खाली सोडलं.

त्या दिवसापासून तो मास्तरपेक्षा कडवा झाला.

पट्टे

गाव हळूहळू वळलं. कोपऱ्यावर वळण्याआधी लोक खाकरायला लागले, म्हणजे समोरून येणारा धडकणार नाही. पायऱ्यांच्या कडांना चुना लागला. मुलं माळावर जाऊन झोपायला लागली आणि आया ओरडायला लागल्या. तपासणीची माणसं यायची तारीख ठरली.

मास्तरने काळ्या रंगाचा डबा आणून दिला. राखीव भागातल्या प्रत्येक खांबावर छातीएवढ्या उंचीवर एक पट्टा मारायचा, म्हणजे पाहुण्यांना हद्द कळेल.

वायरमनने ते काम असं केलं की जणू घराला रंग देतोय. वर-खाली चिकटपट्टी लावून, दोन हात देऊन. लोक येऊन बघायचे. कुणी विचारलं तर तो सांगायचा, “पट्टा दिसला की समजायचं, इथे काळोख आपला.”

शेवटचे खांब टेकडीच्या रस्त्यावरचे. तिथे पोचला तेव्हा मास्तर सायकल घेऊन मागून आला.

“हे राहू देत आत्ता.”

“का? रंग शिल्लक आहे.”

“तिकडे काही नाहीये रे. कुठे चढतोस उन्हाचा? नंतर बघू.”

उन्हाचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. पण जुना मित्र सायकल हाणत, घाम पुसत एवढ्यासाठी आला याचं त्याला बरं वाटलं. त्याने डब्याचं झाकण

(मध्येच, दर्जा मिळाला)

ठोकून बसवलं, ब्रश फडक्यात गुंडाळला आणि दोघं बोलत बोलत खाली आले. महिन्या-दोन महिन्यांत गावाच्या तोंडाशी पाटी लागली: राखीव काळोख क्षेत्र. पाटीवर दिवा नव्हता, त्यावरून लोकांनी पुष्कळ विनोद केले.

टेकडीवरचे दिवे

टेकडीवर पत्रे ठोकून आत काम चाललं होतं. शाळेची वेधशाळा, असं मास्तरने सांगितलं होतं. पत्र्यांवरून खरोखर एक पांढरा घुमट डोकावत होता. ताईच्या खाणावळीतून कामगारांसाठी डबे वर जायचे. वायरमन जेवता जेवता तिला ते डबे भरताना बघायचा आणि म्हणायचा, “मास्तरचं स्वप्न पुरं होतंय बघ.” ताई झाकणं लावायची.

मग पालिकेतून निरोप आला की टेकडीवर मोठी जोडणी द्यायची आहे, जाऊन बघून या.

पत्र्यांच्या आत घुमट होता, खोटं नव्हतं. तो एका कडेला होता, न्हाणीघराएवढा. बाकी सगळी जागा तीन मजली हॉटेलने घेतली होती. समोरची भिंत दुधासारखी पांढरी आणि तिच्या पायथ्याशी, वरच्या दिशेला तोंड करून, झोताचे दिवे रांगेने बसवलेले. 

हेल्मेट घातलेली एक तरुण इंजिनियर नकाशे गुंडाळत होती. वायरमनने तिला शांतपणे सांगितलं की कुणाची तरी चूक झाली आहे. हे दिवे इथे लागणार नाहीत.

“का काका?”

“राखीव क्षेत्र आहे. वर तोंड केलेला दिवा चालत नाही. असले तर टोप्या घालाव्या लागतील. मी देतो, माझ्याकडे आहेत.”

ती हसली, पण टिंगल करायला नाही. “क्षेत्र खाली संपतं ना काका. ती काळजी आम्ही पहिली घेतली. हद्द शेवटच्या पट्ट्याच्या खांबापर्यंत. वरचे खांब बिनपट्ट्याचे आहेत, म्हणून तर ही जागा घेतली.”

वायरमनने वळून खाली, रस्त्यावरच्या खांबांकडे पाहिलं.

“तपासायला आले होते ते लोक पट्टे बघत बघतच चालले. गावातल्या लोकांना विचारलं, हद्द मान्य आहे का? तर म्हणाले, काळोखमामांनी आखलीये म्हणजे बरोबरच असणार.” ती थांबली. त्याच्या पॅंटवर, गुडघ्याजवळ, धुऊन न गेलेला काळा रंग होता. “तुम्हीच का ते?”

“पाणी आहे का थोडं?” तो म्हणाला.

तिने आपली बाटली दिली. त्याने दोन घोट घेतले, झाकण नीट फिरवून लावलं आणि परत दिली.

मास्तरचं टेबल

“बस.”

“उभाच बरा आहे.”

“चहा सांगू?”

“कधी ठरलं?”

“काय?”

“मास्तर, आपण एका बाकावर बसलोय. मी पुढचं विचारायच्या आत तुला कळायचं.”

“…अर्ज केला त्याच्याही आधी.”

“आधी?”

“ऐक. पालिकेत कुणी सही करायला तयार नव्हतं. काळोख राखून काय मिळणार, हाच प्रश्न. हॉटेलवाले आले तेव्हा कुठे गाडी हलली. लोक तारे बघायला येणार, राहणार कुठे? त्यांनी घुमट बांधून दिला, दुर्बीण देतायत. शाळेची पोरं दुर्बिणीला डोळा लावतील. मी किती वर्षं वाट बघितलीये, तुला माहीत आहे.”

“आणि त्या झोतांत काय दिसणार तुझ्या दुर्बिणीतून?”

“दहा वाजता बंद करणार आहेत ते.”

“बंद करणार?”

“म्हणालेत तसं.”

“तू फार छान बोलतोस, असं एक बाई म्हणाली होती.”

“सगळं राखायला गेलो असतो तर काहीच हाती लागलं नसतं. गाव तरी राहिलं ना? थोडं सोडून थोडं राखलं. माझ्या जागी तू असतास तर—”

“मला सांगायचं होतंस.”

“तुला सांगितलं असतं तर तू वरचे खांब रंगवले असतेस.”

“हो.”

“मग?”

“मग हद्द तू आखायची होतीस. कागदावर, तुझ्या हाताने, तुझ्या नावाने.”

“मी आखली असती तर प्रत्येक घरातून कुणीतरी भांडायला आलं असतं. टेकडी का सोडली, कुणासाठी सोडली. तू आखलीस म्हणून कुणी तोंड उघडलं नाही.”

वायरमन दाराकडे वळला.

“रागावू नकोस लेका.”

“रागावलो नाही. माझ्या खांद्यावर बंदूक ठेवलीस, ते एक वेळ समजतं. पण खांदा दुखेल म्हणून सायकल मारत आलास, उन्हाची काळजी केलीस. ते कशाला केलंस?”

मास्तर टेबलावरच्या वह्या सारख्या करायला लागला. बाहेर मधली सुट्टी झाली आणि सगळा व्हरांडा पोरांनी भरून गेला. दोन पोरं दारात येऊन म्हणाली, काळोखमामा, आमच्या गल्लीतला दिवा बंद पडलाय. तो म्हणाला, येतो.

ताई

“आज उशीर झाला,” ताई म्हणाली आणि ताट वाढलं.

त्याने ताटाला हात लावला नाही. ओट्यावर टेकडीसाठीचे डबे एकावर एक रचलेले होते.

“हे डबे हॉटेलला जातात?”

ताईने पदराला हात पुसले. “कामगारांना जातात.”

“हॉटेलच्या कामगारांना.”

“भूक सगळ्यांना सारखीच लागते रे.”

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“पाया खणला तेव्हापासून.”

तो समोरच्या आमटीवर आलेला तवंग बघत राहिला. “रोज दोन वेळा वाढतेस मला. मी इथे बसून म्हणायचो, मास्तरचं स्वप्न पुरं होतंय. तू ऐकून घ्यायचीस.”

“मग काय करायचं होतं? उपाशी ठेवायचं होतं तुला?”

“ताई.”

“मास्तर म्हणाला, त्याच्या जिवाला लागेल, आत्ताच सांगू नका. ज्यांना ज्यांना कळलं त्या सगळ्यांनाच म्हणाला. मला पटलं. अजून पटतंय.” ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली. गिऱ्हाइकांच्या वेळेत ती कधी बसत नसे. “माझा बोर्ड उतरवलास तेव्हा मी एक शब्द बोलले? शिडी धरली. रात्रीचा धंदा गेला, पोरगी शिकायला होती, कसं निभावलं ते माझं मला माहीत. तुझ्या कानावर आलं काही?”

“नाही.”

“का नाही आलं? भाऊ आहेस म्हणून. मग आता चार डबे माझ्या हाताला लागलेत तर तूही बोलू नकोस.”

ती चुकीचं काही म्हणत नव्हती, हीच अडचण होती. मास्तरवर चिडता येत होतं. हिच्यावर चिडायला गेलं की बोर्डामागचा तो चौकोन समोर यायचा.

“मी गावाला शब्द दिलाय,” तो म्हणाला.

“गाव विसरेल. चार दिवस नावं ठेवतील आणि मग स्वतःच वर चहा प्यायला जातील.”

“मी नाही ना विसरणार.”

“जेव. आमटी गार होतेय.”

तो उठला. ताट तसंच ठेवून उठण्याची त्याची त्या टेबलावरची ती पहिलीच वेळ.

जोडणी

त्याने जोडणी करून दिली.

नाही म्हणता आलं असतं. पण मग शेजारच्या गावचा कुणी ठेकेदाराचा माणूस आला असता, त्याने तारा कशाही ओढल्या असत्या, आणि तीन मजली इमारतीत माणसं झोपणार होती. त्याने अर्थिंग दोनदा तपासलं. फ्यूज योग्य त्या ताकदीचे घातले. जोडावर टेप गुंडाळताना त्याच्या लक्षात आलं की आपण नेहमीसारखंच शीळ घालतोय. त्याने ती बंद केली.

उद्घाटनाला सगळं गाव आलं होतं. दिवस मावळला आणि झोत लागले. भिंत अशी पेटली की पुढच्या रांगेतल्यांनी डोळ्यांवर हात घेतले, मग हसले, मग टाळ्या वाजवल्या. माइकवर मास्तर होता. तो खरंच छान बोलायचा. त्याने पालिकेचे आभार मानले, हॉटेलचे मानले, आणि म्हणाला, “आणि आपला काळोखमामा. ही हद्द ज्याने स्वतःच्या हाताने आखली.”

लोक मागे वळून त्याला शोधायला लागले. तो मीटरच्या पेटीजवळ उभा होता. त्या उजेडात लपायला जागाच नव्हती.

शिवणवाल्या वहिनी त्याच्याजवळून गेल्या. थांबल्या नाहीत. जाता जाता, हवेला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, “या दिव्यांची टोपी राहिली वाटतं.”

दहा वाजून गेले. झोत चालूच होते.

स्वयंपाकघर

दुसऱ्या दिवशी दुपारी तो खाणावळीत गेला नाही. संध्याकाळीही नाही. घरी, बायको गेल्यापासून न उघडलेल्या पिंपात तांदूळ होते. त्यांना वास येत होता, पण ते तांदूळच होते. त्याने मूठभर ताटात घेतले आणि खिडकीखाली जमिनीवर बसला.

स्वयंपाकघराचा बल्ब त्याने लावला नव्हता. लावायची गरज नव्हती. टेकडीवरची भिंत खिडकीतून थेट आत येत होती. चुलीवर, मांडणीवर, ताटात. मांडणीवरचे डबे त्यावरच्या धुळीसकट दिसत होते. तांदळातला पांढरा खडा आणि तांदूळ यांत फरक करायला दिवसाउजेडीही त्रास व्हायचा. आत्ता होत नव्हता. तो एकेक खडा उचलून बाजूला ठेवत होता.

परसातून पावलं वाजली. ताई खिडकीशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात झाकण लावलेला डबा होता. एवढ्या वर्षांत ती कधी डबा घेऊन आली नव्हती, कारण कधी वेळच आली नव्हती.

“जेवायला आला नाहीस.”

“आज घरीच करतोय.”

“तुला येतं का?”

“येईल.”

ती उभी राहिली. डबा या हातातून त्या हातात घेतला. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि ते खिडकीतून म्हणण्यासारखं नव्हतं. तिची सावली गजांसकट आत उतरली होती, त्याच्या मांडीवर, ताटावर. तांदूळ एकदम करडे झाले होते.

त्याने मान वर केली नाही.

“ताई, जरा बाजूला हो,” तो म्हणाला. “उजेड अडतोय.”

ती बाजूला झाली. त्याने बोट फिरवून तांदूळ पसरले आणि पुन्हा निवडायला घेतले.